दुकानाची वही आणि पदवीचा स्वाध्याय

गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्या व्यापारी कुटुंबांमध्ये एक समाधानकारक बदल घडून आला आहे. पूर्वी मुलगा बी.कॉम. झाला की गादीवर बसत असे आणि मुलीचे शिक्षण लग्नाच्या बोलणीपाशी थांबत असे. आज दुकान सांभाळून एम.कॉम. करणारी मुले, लग्नानंतर मुक्त विद्यापीठात नाव नोंदवणाऱ्या सुना आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला जाणारी नातवंडे आपल्याला गावोगावी भेटतात. अभ्यासक्रम वेगळे, विद्यापीठे वेगळी. परंतु एक काम सर्वांच्याच वाट्याला येते. ते म्हणजे प्रत्येक विषयासाठी ठरलेल्या मुदतीत लिहून द्यावयाचा स्वाध्याय, ज्याला विद्यार्थी असाइनमेंट म्हणतात.

परीक्षेची धास्ती सर्वांनाच असते, म्हणून परीक्षेसाठी रात्री जागवल्या जातात. असाइनमेंटच्या बाबतीत मात्र सर्वत्र एकच वाक्प्रचार रूढ झाला आहे, ‘वह्या भरून देणे’. त्या कशा भरल्या जातात हे आता गुपित राहिलेले नाही. सोडवलेल्या उत्तरांचे तयार संच बाजारात मिळतात. त्यांची झेरॉक्स काढून समोर ठेवायची आणि उतरवून काढायची. तेवढाही वेळ नसेल तर चांगले अक्षर असणाऱ्या एखाद्याला पैसे देऊन लिहून घ्यायचे. अलीकडे हे काम मोबाइलही करून देतो. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते : ‘दुकान बंद करून घरी यायला रात्रीचे नऊ वाजतात, मग लिहायचे केव्हा?’

ही अडचण खोटी नाही. तरीही बँकेतील नोकरीच्या काळात शेकडो व्यापाऱ्यांचे ताळेबंद वाचलेला एक माणूस म्हणून मला असे निश्चितपणे वाटते की, पदवीच्या सर्व कामांपैकी हे एक काम व्यापारी घरातील विद्यार्थी इतर कोणाहीपेक्षा अधिक चांगले करू शकतो. तेच नेमके दुसऱ्याकडून करून घेणे हा शुद्ध तोट्याचा व्यवहार आहे. हा तोटा कसा होतो, हे जरा विस्ताराने पाहू.

गुणांचा हिशेब

प्रथम व्यवहाराची बाजू. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची स्थापना १९८५ मध्ये झाली आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये सुरू झाले. नोकरी, दुकान किंवा संसार सांभाळून शिकणाऱ्या लाखो लोकांसाठी या दोन संस्थांनी पदवीचे दार उघडले. इंदिरा गांधी विद्यापीठात बहुतेक अभ्यासक्रमांना सर्वसाधारणपणे ३० टक्के भार असाइनमेंटला आणि ७० टक्के भार सत्रान्त परीक्षेला असतो. असाइनमेंट मुदतीत सादर केल्याशिवाय त्या विषयाच्या परीक्षेला बसता येत नाही.

तीस टक्के म्हणजे किती? समजा, एका विद्यार्थिनीला परीक्षेत १०० पैकी ५० गुण मिळाले. त्यांचे ७० टक्क्यांच्या भाराने ३५ झाले. असाइनमेंटमध्येही ५० असतील तर तिकडचे १५ मिळून एकूण ५० होतात. तीच असाइनमेंट तिने मन लावून लिहून ८० गुण मिळवले असते, तर तिकडचे २४ आणि एकूण ५९ झाले असते. परीक्षेतील कामगिरी तीच, पण अंतिम गुणांत नऊंचा फरक. शिवाय परीक्षेच्या तीन तासांत स्मरणशक्ती, प्रकृती आणि दैव या तिन्हींची साथ लागते. असाइनमेंट मात्र घरी बसून, पुस्तक उघडे ठेवून, हवा तितका वेळ घेऊन लिहायची असते. जो भाग पूर्णपणे आपल्या हाती आहे, तोच आपण दुसऱ्याच्या हाती देतो.

पारंपरिक विद्यापीठांतही आता केवळ वार्षिक परीक्षेवर पदवी मिळत नाही. अंतर्गत मूल्यमापन आहे, संशोधन पद्धती हा स्वतंत्र विषय आहे आणि शेवटी संशोधन प्रकल्पही लिहावा लागतो. पहिल्या सत्रापासून दुसऱ्याचे उतरवून काढणाऱ्याला अखेरच्या सत्रात अकस्मात स्वतःचा प्रकल्प लिहिता येईल, ही अपेक्षा बाळगणे व्यर्थ आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी जे विनियम केले, त्यांत प्रबंधातील साम्याच्या प्रमाणानुसार दंड ठरवून दिलेले आहेत. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. दहा ते चाळीस टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा सादर करावे लागते. चाळीस ते साठ टक्के असेल तर एक वर्ष सादर करता येत नाही आणि साठ टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द होते. साम्य शोधण्याचे काम आता संगणक करतो, त्यामुळे ‘वाचतो कोण?’ हा जुना दिलासा उरलेला नाही.

प्रश्न काय विचारतो आहे?

चांगल्या असाइनमेंटचा आरंभ लिहिण्याने होत नाही, प्रश्न वाचण्याने होतो. पदवीपर्यंत आपल्याला ‘अर्थ सांगा’, ‘प्रकार लिहा’, ‘फायदे-तोटे सांगा’ अशा प्रश्नांची सवय असते. तेथे पुस्तकातील मुद्दे क्रमाने उतरवले की गुण मिळतात. पदव्युत्तर स्तरावर क्रियापदे बदलतात. ‘तुलना करा’ म्हटले असेल तर दोन गोष्टींची वर्णने एकापुढे एक लिहून भागत नाही. कोणत्या कसोट्यांवर त्या वेगळ्या ठरतात, ते मांडावे लागते. ‘चर्चा करा’ म्हटले असेल तर दोन्ही बाजू द्याव्या लागतात. ‘टीकात्मक परीक्षण करा’ या शब्दांचा अर्थ दोष काढा असा नव्हे, तर एखादे मत कोणत्या परिस्थितीत टिकते आणि कोणत्या परिस्थितीत टिकत नाही हे तपासा, असा आहे.

बँकेत कर्जप्रस्तावावर अधिकारी जी टिपणी लिहितो, तिची बांधणी या कामी उपयोगी पडते. टिपणीत आधी वस्तुस्थिती येते : व्यवसाय कोणता, उलाढाल किती, मागणी कशाची. मग आकड्यांचे विश्लेषण येते. त्यानंतर जोखीम : कोणते गृहीत चुकले तर काय होईल. आणि सर्वांत शेवटी शिफारस, कारणांसह. नुसती वस्तुस्थिती लिहून शिफारशीला हात न घालणारी टिपणी वरिष्ठ परत पाठवतात. तीन पाने माहिती आणि शेवटी ‘अशा प्रकारे या विषयाला अनन्यसाधारण महत्त्व आहे’ असे एक वाक्य, या पद्धतीची असाइनमेंटही त्याच योग्यतेची असते.

एक उदाहरण : खेळते भांडवल

एम.कॉम.च्या वित्तीय व्यवस्थापनात हमखास येणारा प्रश्न घेऊ : ‘लहान व्यापारी संस्थेच्या खेळत्या भांडवलाची गरज कशी ठरवावी, याची चर्चा करा.’ तयार संचातील उत्तर कसे असते? खेळत्या भांडवलाची व्याख्या, त्याचे प्रकार, गरजेवर परिणाम करणारे दहा घटक, त्यानंतर १९७५ चा टंडन समितीचा अहवाल, १९७९ ची चोरे समिती, १९९२ ची नायक समिती आणि समारोप. यात चूक काहीच नाही. परंतु शेजारच्या पन्नास वह्यांत नेमके हेच असते.

आता हाच प्रश्न कापडाच्या किंवा हार्डवेअरच्या घाऊक दुकानात वाढलेल्या मुलीने कसा लिहावा ते पाहू. समजा, दुकानाची वार्षिक विक्री ३ कोटी ६५ लाख रुपये आहे, म्हणजे दिवसाला सरासरी १ लाख. हिशेब सोपा राहावा म्हणून नफ्याचा भाग तूर्त बाजूला ठेवू. माल गोदामात सरासरी ६० दिवस पडून राहतो. विकलेल्या मालाची उधारी वसूल व्हायला ४५ दिवस लागतात. माल देणारे आपल्याला ३० दिवसांची मुदत देतात. म्हणजे पैसा मालात आणि उधारीत १०५ दिवस अडकतो, त्यातील ३० दिवसांचा भार पुरवठादार उचलतो, आणि उरलेल्या ७५ दिवसांचा भार आपल्याला उचलावा लागतो. दिवसाला १ लाख या दराने ही गरज ७५ लाखांची झाली.

येथे नायक समिती कामाला येते. रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन उप-गव्हर्नर पी. आर. नायक यांच्या अध्यक्षतेखालील या समितीने लघुउद्योगांसाठी एक सुटसुटीत सूत्र दिले. अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या २५ टक्के ही खेळत्या भांडवलाची गरज धरावी. त्यांपैकी किमान २० टक्के बँकेने द्यावे आणि ५ टक्के मालकाने आणावे. बँका हीच उलाढाल पद्धत लहान व्यापाऱ्यांनाही लावतात. आपल्या दुकानाला हे सूत्र लावले तर गरज ९१ लाख २५ हजारांची येते : बँकेचे ७३ लाख आणि मालकाचे १८ लाख २५ हजार.

पंचाहत्तर आणि सव्वाएक्याण्णव, हे दोन आकडे वेगळे का आले? कारण २५ टक्क्यांच्या सूत्रात एक गृहीत दडलेले आहे : पैशाचे चक्र तीन महिन्यांत पूर्ण होते, म्हणजेच वर्षातून चार वेळा फिरते. आपले चक्र ७५ दिवसांचे असल्यामुळे आपल्याला थोडे कमी लागते. हे एक वाक्य ज्या असाइनमेंटमध्ये असेल, ती वाचताना तपासनीस थांबतो, कारण विद्यार्थिनीला समितीचे केवळ नाव नव्हे तर विचारही कळला आहे हे त्याच्या ध्यानी येते.

पुढे आणखी एक पायरी आहे. बाजार मंदावला आणि उधारी ४५ ऐवजी ९० दिवसांवर गेली, असे समजा. चक्र ६० अधिक ९० वजा ३०, म्हणजे १२० दिवसांचे झाले. विक्री एका रुपयानेही वाढलेली नाही, तरी गरज ७५ लाखांवरून १ कोटी २० लाखांवर गेली. सूत्रानुसार उपलब्ध रक्कम ९१ लाख २५ हजारच आहे. मधले २८ लाख ७५ हजार कोठून येतात? कधी घरातील ठेव मोडून, कधी नातलगांकडून घेऊन, आणि बहुधा माल देणाऱ्याचे पैसे थकवून. त्या शेवटच्या वाटेवरही आता अडसर आहे. वित्त कायदा २०२३ ने आयकर कायद्याच्या कलम ४३बी मध्ये केलेली दुरुस्ती कर निर्धारण वर्ष २०२४-२५ पासून लागू झाली. तिच्यानुसार सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत दिले नाहीत, आणि वर्ष संपेपर्यंत ते थकले, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीस मिळत नाही. म्हणजे उधारी वाढली की रोख रक्कम अडकते आणि वर करही वाढू शकतो.

हे लिहिता लिहिता त्या मुलीला एक गोष्ट उमगते. ‘धंदा चांगला चालला आहे, मग दिवाळीच्या खरेदीच्या वेळी वडील दरवर्षी चिंतेत का असतात?’ या बालपणापासूनच्या प्रश्नाचे उत्तर तिच्या समोरच्या कागदावर आलेले असते. तयार संचातून उतरवून काढणाऱ्याला गुण कदाचित मिळतील, पण हे उत्तर मिळणार नाही.

घरचे आकडे बाहेर कसे द्यायचे?

येथे घरातील वडीलधाऱ्यांची शंका साहजिक आहे. दुकानाची उलाढाल, नफा, देणी-येणी या गोष्टी बाहेर बोलायच्या नसतात, हा आपल्याकडचा जुना दंडक आहे आणि तो योग्यच आहे. परंतु असाइनमेंटसाठी तो मोडावा लागत नाही.

माझ्या परिचयातील एका तालुक्याच्या गावी हार्डवेअरचा घाऊक व्यवसाय असलेले कुटुंब आहे. त्यांच्या सूनबाईंनी लग्नानंतर एम.कॉम.ला प्रवेश घेतला आणि उधारीच्या व्यवस्थापनावरील असाइनमेंटसाठी सासऱ्यांकडे येण्याची यादी मागितली. सासरे म्हणाले, ‘दुकानाच्या वह्या आता परीक्षेला द्यायच्या का?’ सूनबाई म्हणाल्या, ‘अण्णा, नाव कोणाचेच द्यायचे नाही, रक्कमही द्यायची नाही. मला फक्त दिवस मोजायचे आहेत.’ त्यांनी ग्राहकांना अ, ब, क अशी नावे दिली, एकूण येणे १०० धरले आणि त्यातील किती भाग ३० दिवसांच्या आतला, किती ९० दिवसांच्या आतला, किती सहा महिन्यांहून जुना, असा तक्ता केला. जवळजवळ एक-तृतीयांश रक्कम सहा महिन्यांहून जुनी निघाली आणि ती मोजक्या पाच-सहा ग्राहकांकडेच होती. हे ग्राहक जुने, घरोब्याचे, त्यामुळे त्यांच्याकडे मागायला संकोच वाटत असे. तक्ता पाहून अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी स्वतःच फोन लावायला सुरुवात केली. सूनबाईंना त्या विषयात गुण किती मिळाले ते मी विचारले नाही. आता त्या घरात येण्याची यादी दर महिन्याला त्यांच्याच हातून तयार होते.

आकडे झाकण्याच्या या साध्या पद्धती सर्वांनाच वापरता येतील. पहिल्या वर्षाची विक्री १०० धरून पुढील वर्षे त्या प्रमाणात लिहावीत. रुपयांऐवजी दिवस आणि टक्केवारी वापरावी. संस्थेचे व गावाचे नाव न देता ‘एक घाऊक व्यापारी संस्था’ एवढेच म्हणावे. सर्व आकड्यांना एकाच संख्येने गुणले तरी गुणोत्तरे बदलत नाहीत. तसे केले असल्यास ते एका ओळीत नमूद करावे. आणि लिहिण्यापूर्वी घरातील कर्त्या माणसाची परवानगी घ्यावी. संशोधनाच्या शिस्तीतही तीच अपेक्षा असते.

पावती नसलेली नोंद

वहीतील प्रत्येक नोंदीमागे पावती असावी लागते, हे व्यापाऱ्याच्या मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही. असाइनमेंटमधील संदर्भ म्हणजे दुसरे काही नसून पावतीच आहे. नायक समितीचे सूत्र लिहिले तर ते कोठून घेतले, एखाद्या लेखकाचे मत दिले तर त्याचे नाव, पुस्तक, वर्ष आणि पान, हे तेथेच लिहावे. दुसऱ्याची वाक्ये जशीच्या तशी घ्यावी लागली तर ती अवतरणचिन्हांत द्यावीत. नाव सांगून घेतलेले हे उसने होय, आणि न सांगता घेतलेले काय होय हे सांगण्याची आवश्यकता नाही. कोणत्या पावतीला किती वजन द्यायचे हेही पाहावे. कायद्याबद्दल लिहिताना मूळ कायदा, बँकांबद्दल लिहिताना रिझर्व्ह बँकेची परिपत्रके, कंपनीबद्दल लिहिताना तिचा वार्षिक अहवाल हे मूळ दस्तऐवज आहेत. परीक्षेची गाइडे ही त्यांची दुसऱ्या-तिसऱ्या हातची नक्कल असते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबाबतही हीच कसोटी लावावी. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि कोणत्याही प्रश्नाचे दोन पानी उत्तर क्षणात मिळू लागले. एखादी संकल्पना समजून घेण्यासाठी, आपल्या उत्तरातील त्रुटी विचारण्यासाठी विद्यापीठाच्या नियमांत बसत असेल तर त्याचा उपयोग जरूर करावा. परंतु ही साधने अस्तित्वात नसलेली पुस्तके आणि निवाडेही आत्मविश्वासाने सांगतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात वकिलांनी असे काल्पनिक निवाडे अर्जात दिले आणि त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. पावती स्वतः डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जमा-खर्च न घालणाऱ्या मुनीमजींची सवय येथे उपयोगी पडते.

परदेशी जाणाऱ्यांसाठी

आपली अनेक मुले एम.एस्सी. फायनान्ससारख्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी इंग्लंडला जातात. कुटुंबाने त्यासाठी शैक्षणिक कर्ज काढलेले असते, प्रसंगी घर किंवा दुकान तारण दिलेले असते. तेथील मूल्यमापनात लिखित निबंध आणि अहवाल यांचा वाटा मोठा असतो. आपल्याकडे पुस्तकातील वाक्य अचूक आठवणे हा गुण मानला जातो. तेथे तेच वाक्य संदर्भाविना लिहिले की अपराध ठरतो. हा फरक पहिल्या सत्रात लक्षात आला नाही तर फार महागात पडतो.

निबंध लिहून देणाऱ्या जाहिराती तेथेही विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर येत असतात. ऑस्ट्रेलियाने २०२० मध्ये आणि इंग्लंडने २०२२ मध्ये अशी सेवा विकणे कायद्याने गुन्हा ठरवले. विकत घेणाऱ्या विद्यार्थ्यावर विद्यापीठ स्वतःच्या नियमांनुसार कारवाई करते. प्रवेश रद्द झाला तर त्यावर आधारलेला व्हिसाही धोक्यात येतो. शिवाय पैसे घेणारेच पुढे ‘विद्यापीठाला कळवू’ अशी धमकी देऊन अधिक पैसे उकळतात, असा इशारा तेथील शैक्षणिक संस्था देत आल्या आहेत. कर्जाचे हप्ते मात्र पदवी मिळो वा न मिळो, सुरूच राहतात. म्हणून जाण्यापूर्वीच्या सहा महिन्यांत आपल्या मुलाकडून, एखाद्या विषयावर स्वतःच्या शब्दांत आणि संदर्भांसह लिहिलेले चार-पाच निबंध आवर्जून लिहून घ्यावेत. इंग्रजी परीक्षेच्या तयारीइतकेच हेही आवश्यक आहे.

वर्गातील लेखन किती दूर जाते

वर्गासाठी लिहिलेला कागद तपासून रद्दीतच जातो, असा समज असेल तर दोन मराठी विद्वानांची उदाहरणे पाहावीत. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गात भारतातील जातिव्यवस्थेवर एक निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय २५ वर्षांचे होते. पुढील वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि आज शंभराहून अधिक वर्षांनंतरही जगभरच्या विद्यापीठांत वाचला जातो. त्यांनी लंडन येथे रुपयाच्या प्रश्नावर लिहिलेला प्रबंध १९२३ मध्ये ग्रंथरूपाने प्रकाशित झाला आणि दोनच वर्षांनी हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी चलनाविषयी साक्ष दिली. पुण्याच्या गोखले संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी केंब्रिजमधील एम.लिट. पदवीसाठी भारताच्या औद्योगिक विकासावर प्रबंध लिहिला. १९२४ मध्ये प्रकाशित झालेला तो ग्रंथ पुढे अर्थशास्त्राच्या अनेक पिढ्यांनी अभ्यासला.

प्रत्येकाची असाइनमेंट एवढी दूर जाणार नाही, आणि जावी अशी अपेक्षाही नाही. परंतु या दोघांनीही आपल्या भूमीचा, आपल्या लोकांचा प्रश्न घेऊन परक्या विद्यापीठात लेखन केले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हुंडी, आडत, उधारी, हंगामी खरेदी, भागीदारीतील वाटण्या, कुटुंबातील दोन पिढ्यांमधील कारभाराचे हस्तांतर हे आपल्या घरातील रोजचे विषय आहेत. शहरी महाविद्यालयातील विद्यार्थ्याला ज्या माहितीसाठी प्रश्नावल्या घेऊन दारोदार फिरावे लागते, ती आपल्या मुलांना जेवणाच्या पाटावर ऐकायला मिळते.

घरच्यांनी काय करावे

शेवटी काही व्यावहारिक गोष्टी. एका असाइनमेंटसाठी दहा दिवसांचे नियोजन केले तर रोज एक तास पुरतो. पहिले दोन दिवस प्रश्न आणि पाठ्यसाहित्य वाचण्यात, पुढील तीन दिवस आकडे व संदर्भ जमवण्यात, तीन दिवस कच्चे लिहिण्यात आणि शेवटचे दोन दिवस ते पक्के करण्यात जावेत. मुखपृष्ठावर नोंदणी क्रमांक, अभ्यासक्रमाचा व विषयाचा संकेतांक आणि अभ्यास केंद्राचे नाव अचूक लिहावे. हस्तलिखिताची अट असेल तर ती पाळावी. सादर करण्यापूर्वी संपूर्ण वहीची प्रत काढून ठेवावी आणि पोच घेतल्याशिवाय केंद्रातून परतू नये. गुणपत्रिकेत गुण चढले नाहीत तर हीच पोच कामाला येते.

परंतु खरी जबाबदारी घरातील वडीलधाऱ्यांची आहे. मुलगा किंवा सून असाइनमेंट लिहीत असेल त्या दहा दिवसांत संध्याकाळचा एक तास तिला गल्ल्यावरून मोकळे करावे. तिने विचारलेल्या प्रश्नांना ‘ते तुला कळायचे नाही’ असे उत्तर देऊ नये. ‘आपली उधारी सरासरी किती दिवसांची?’ या प्रश्नाचे उत्तर आपल्यालाही नेमके ठाऊक नसेल, तर तिच्याबरोबर बसून ते काढावे. सूत्र सोपे आहे : येणे रकमेला वार्षिक उधार विक्रीने भागावे आणि ३६५ ने गुणावे.

स्वाध्याय हा शब्द आपल्या घरांत फार पूर्वीपासून आदराने उच्चारला जातो. आपण तो ग्रंथांच्या वाचन-मननासाठी वापरतो, शाळेच्या पुस्तकांनी तो धड्याखालच्या प्रश्नांसाठी घेतला. दोन्ही ठिकाणी तो ज्याचा त्याने करायचा असतो, दुसऱ्याने केलेला आपल्या खात्यावर जमा होत नाही. येत्या सत्रात आपल्या घरातील कोणी असाइनमेंटची वही घेऊन बसले, तर तयार संचासाठी पैसे देण्याऐवजी त्यांच्यासमोर गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद ठेवावेत. पुढे दुकानाची वही ज्या हातांत जायची आहे, त्या हातांना ती वाचण्याचा सराव तेथूनच होईल.